एकाच भूखंडावर दुसरे घर : बांधणाऱ्याने आणि शेजाऱ्याने काय पाहावे

पुणे, नाशिक, कोल्हापूर, सांगली अशा शहरांतील जुन्या वसाहतींत ज्यांनी चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी ऐसपैस भूखंड घेऊन त्याच्या एका भागात बैठे घर बांधले आणि उरलेल्या परसात आंबा, पेरू, शेवगा लावून ठेवला, त्यांची नातवंडे आता कर्ती झाली आहेत. आणि परसातील त्या मोकळ्या जागेत धाकट्या मुलासाठी, भाडेकरूसाठी किंवा उतारवयात स्वतःला राहण्यासाठी दुसरे आटोपशीर घर उभारावे, असा विचार घरोघर होऊ लागला आहे. विचार रास्त आहे. परंतु पायाची चुनखडी आखली जाते न जाते तोच कुंपणापलीकडून हरकत येते, आणि मग दोन्ही बाजूंचे वाचक आपापले प्रश्न घेऊन येतात. बांधणारा विचारतो, ‘माझ्या जागेत बांधायला शेजाऱ्याची संमती लागते काय?’ शेजारी विचारतो, ‘माझ्या खिडकीसमोर भिंत चढत असता मी नुसते पाहत बसायचे काय?’

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः ‘नाही’ असे आहे. दुसऱ्याचेही ‘नाही’ असेच आहे, पण त्याला एक अट आहे: हरकत योग्य कचेरीत आणि भिंत जोत्याच्या वर जाण्यापूर्वी गेली पाहिजे.

तक्रार कसली, हे आधी ठरवा

अशा भांडणांत आठ-दहा गाऱ्हाणी एकाच अर्जात कोंबून तो अर्ज पोलीस ठाण्यापासून मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयापर्यंत सर्वत्र धाडण्याची जी प्रथा पडली आहे, तिच्याइतका निष्फळ उद्योग दुसरा नाही. कारण प्रत्येक कचेरी त्यातला आपला भाग सोडून बाकीच्या भागाकडे बोट दाखवते आणि अर्ज निकाली काढते. आपले गाऱ्हाणे पुढीलपैकी कोणत्या जातीचे आहे ते पाहा:

- हद्दीचे: ‘त्यांचे बांधकाम माझ्या जागेत आले आहे.’ याचा पुरावा भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीत आणि निवाडा दिवाणी न्यायालयात.
- परवानगीचे: ‘त्यांनी परवाना घेतलेला नाही, किंवा मंजूर नकाशाबाहेर बांधले आहे.’ हे काम महानगरपालिका, नगरपरिषद किंवा जे कोणी तेथील नियोजन प्राधिकरण असेल त्याचे.
- हक्काचे: ‘माझा उजेड, वारा, वाट किंवा पाण्याचा निचरा अडला आहे.’ हे केवळ दिवाणी न्यायालयाचे. महापालिकेचा अभियंता आपल्या खिडकीच्या हक्काचा निर्णय देऊ शकत नाही, आणि त्याने तो दिला नाही म्हणून त्याला दोष देण्यातही अर्थ नाही.

या तिहींत न बसणारीही एक जात आहे, आणि खरे पाहता बहुतेक भांडणांचे मूळ तिच्यातच असते: भाडेकरू कोण येईल, त्यांच्या मोटारी आपल्या फाटकासमोर लागतील, गच्चीवरून आपले अंगण दिसेल, इतक्या वर्षांची शांतता जाईल. ही गाऱ्हाणी खोटी नव्हेत. पण त्यांना कचेरी नाही. त्यांच्यासाठी समक्ष बोलणे हाच मार्ग आहे, आणि ते बोलणे नकाशा मंजूर होण्यापूर्वी झाले तर जिना दुसऱ्या अंगाला फिरवणे किंवा खिडकीचा उंबरा वर घेणे वास्तुविशारदाला सहज शक्य असते.

बांधणाऱ्यांनी प्रथम दप्तर पाहावे

जागा आपली आहे एवढ्यावरून तीत दुसरे घर बसतेच असे नाही. मुंबई आणि काही विशेष क्षेत्रे वगळता महाराष्ट्रात डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. मुंबईची नियमावली निराळी आहे. भूखंडाचे क्षेत्र, रस्त्याची रुंदी, चटई क्षेत्र निर्देशांकापैकी पहिल्या घराने खाल्लेला भाग, वाहनतळाची जागा आणि चारी बाजूंची सामासिक अंतरे यांचा हिशेब जुळला तरच नकाशा मंजूर होतो. एकाच भूखंडावर दोन इमारती असतील तर त्या दोहोंमधील अंतरही पाहिले जाते, आणि ते त्यांतील उंच इमारतीला लागणाऱ्या सामासिक अंतराइतके असावे लागते. ‘आपलेच घर आणि आपलेच परस, मध्ये कितीही जागा सोडू’ असे समजणारे येथे अडतात.

नियमावलीखेरीज आणखी काही कागद असे असतात की जे वास्तुविशारद मागत नाही आणि मालकाला आठवत नाहीत:

- भूखंड सहकारी संस्थेचा असल्यास तिचे पोटनियम आणि भाडेपट्टा. एका भूखंडावर एकच निवास असावा अशी अट काही जुन्या पट्ट्यांत असते, आणि महापालिकेचा परवाना मिळाला म्हणून ती अट विरत नाही.
- जमीन शासनाकडून मिळालेली असल्यास मूळ सनद व तिच्यातील शर्ती.
- अभिन्यासाचा मंजूर नकाशा. ज्याला आपण परस समजतो त्यातून एखादी नाली किंवा सामाईक बोळ दाखवलेला असू शकतो.

आणखी एक गैरसमज येथेच दूर करावा. दुसरे घर झाले म्हणजे दुसरा भूखंड झाला असे नव्हे. निम्मी जागा घरासह विकावयाची असेल तर रीतसर पोटविभागणी मंजूर करून घ्यावी लागते. नोटरीसमोर केलेल्या कागदाने मिळकत पत्रिका दुभंगत नाही.

हद्दीचा वाद : मोजणीवाचून एक शब्दही बोलू नये

कुंपण म्हणजे हद्द नव्हे, हे वाक्य दोन्ही शेजाऱ्यांनी पाठ करावे. तारेचे कुंपण गंजले म्हणून विटांची भिंत घालताना गवंड्याने ती सोयीने वीतभर इकडे-तिकडे घेतलेली असते, मूळ दगड मातीखाली गेलेले असतात, आणि दोन पिढ्या त्या भिंतीलाच हद्द मानून वावरलेल्या असतात. म्हणून पायाची आखणी होण्यापूर्वी बांधणाऱ्याने, आणि शंका येताच शेजाऱ्यानेही, हद्द कायम करण्याच्या मोजणीसाठी अर्ज करावा: तालुक्यात उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे, शहरात नगर भूमापन अधिकाऱ्याकडे. अर्ज आता ई-मोजणी प्रणालीतून करता येतो, आणि घाई असल्यास जादा फी भरून द्रुतगती मोजणी मागता येते.

मोजणीची तारीख ठरली की लगतच्या धारकांना नोटीस जाते. ती नोटीस घेण्याचे टाळू नका, आणि त्या दिवशी गावाला जाऊ नका. भूकरमापक जुन्या अभिलेखावरून खुणा दाखवीत असता आपण तेथे उभे राहून ‘ही भिंत १९८० पासून आहे, तिच्या पलीकडील दोन फूट आमच्या वहिवाटीत आहे’ असे सांगितले, तर वहिवाट नकाशावर निराळी दाखवून घेता येते; घरी बसून मागाहून लिहिलेल्या हरकतीला तेवढे वजन राहत नाही. मोजणी झाल्यावर जो नकाशा हाती येतो त्यास ‘क’ प्रत म्हणतात. तीत अभिलेखाप्रमाणे येणारी हद्द आणि जागेवरील वहिवाट यांत फरक आहे काय, हे प्रथम पाहावे. मोजणी मान्य नसल्यास वरिष्ठांकडून ‘निमताना’ मोजणी मागता येते.

मात्र मोजणीदार हद्द दाखवतो. तो कबजा देत नाही. अतिक्रमण निघाले आणि समोरचा हटावयास तयार नसला तर कबज्यासाठी दावा दाखल करावा लागतो, आणि त्याची मुदत सामान्यतः बारा वर्षांची असते. बारा वर्षे ऐकून निवांत बसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की शेजारी स्लॅब टाकीपर्यंत जो मुकाट्याने पाहत राहिला, त्याला मनाई हुकूम देताना न्यायालय त्याचे ते मौनही विचारात घेते; विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ मध्ये तशी तरतूदच आहे.

परवानगीचा वाद

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे परवानगीवाचून बांधकाम करता येत नाही, आणि परवानगी मिळाल्यावर मुदतीत काम जोत्यापर्यंत न आल्यास तिचे नूतनीकरण करावे लागते. शेजारी बांधतो आहे असे दिसल्यावर ‘बेकायदा आहे’ असा पुकारा करण्यापूर्वी मंजूर नकाशा आणि प्रारंभ प्रमाणपत्र यांची नक्कल मागावी. जागेवर लावलेल्या फलकावर परवान्याचा क्रमांक बहुधा असतो. नसल्यास माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचे कोर्ट फी मुद्रांक लावून अर्ज करावा, उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. तीस दिवसांत भिंती चढतात, हे खरे; म्हणून त्याच दिवशी बांधकाम विभागाकडे स्वतंत्र लेखी तक्रार देऊन जोते तपासणीची मागणी करावी आणि पोच घ्यावी. तक्रारीत विशेषणे नकोत, मोजमापे हवीत: ‘पूर्वेकडील अंतर मंजूर नकाशात दीड मीटर असून जागेवर नव्वद सेंटिमीटर आहे’ या एका ओळीपुढे चार पाने संताप फिका पडतो.

प्राधिकरणास नगररचना अधिनियमाच्या कलम ५४ खाली काम थांबवण्याची, कलम ५३ खाली अनधिकृत भाग काढावयास लावण्याची नोटीस देता येते. परवाना खोटी माहिती देऊन मिळवला असेल तर तो रद्द करण्याचा अधिकारही महापालिका आयुक्तांना आहे. परवाना नाकारला गेल्यास अर्जदाराला चाळीस दिवसांत अपील करता येते. शेजाऱ्याला मात्र दिलेल्या परवान्याविरुद्ध असे अपील नाही, त्याला प्राधिकरणाकडे निवेदन किंवा उच्च न्यायालयात रिट अर्ज हाच मार्ग राहतो. ‘तुमचा काय संबंध?’ असे कोणी दरडावल्यास आपण नमू नये. उडुपी येथील वस्तीत उभ्या राहिलेल्या चित्रपटगृहाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्येच मान्य केले आहे की निवासी भागातील नियमबाह्य बांधकामाने तेथील रहिवाशांच्या हक्काला बाधा येते आणि त्यांना दाद मागता येते.

घरपट्टी लागली म्हणून बांधकाम अधिकृत ठरत नाही. अनधिकृत बांधकामावर मालमत्ता कराखेरीज शास्ती बसू शकते आणि ती भरल्यानेही ते नियमित होत नाही, हे नाइलाजाने येथे लिहावे लागते; कारण करपावतीला सनद समजणारे सद्गृहस्थ आजही भेटतात.

उजेड, वारा आणि वीस वर्षे

सर्वांत अधिक गोंधळ येथे आहे. भारतीय सुखाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम १५ प्रमाणे, आपल्या घराच्या खिडकीतून येणारा उजेड व वारा आपण शांततेने, अखंड, आणि सुखाधिकार म्हणून वीस वर्षे उपभोगला असेल तर त्यावर आपला हक्क निर्माण होतो. त्या एका वाक्यातील प्रत्येक शब्दावर दावे जिंकले आणि हरले गेले आहेत; तेव्हा ते सावकाश वाचावे.

हा हक्क इमारतीतील झरोक्याला व खिडकीला आहे, मोकळ्या अंगणाला नाही. अंगणात ऊन येईनासे झाले, तुळशीवर सावली पडली, पापड-कुरडया वाळत घालावयास जागा उरली नाही, हे दुःख खरे असले तरी कलम १७ प्रमाणे मोकळ्या जागेवर येणाऱ्या उजेडा-वाऱ्याचा हक्क असा काळाच्या ओघात मिळत नाही. दृश्याचेही तसेच: स्वयंपाकघरातून टेकडी दिसत होती ती आता दिसत नाही, या कारणावर दावा उभा राहत नाही.

खिडकी वीस वर्षांची असली पाहिजे, आणि घर तेवढे जुने असणे पुरेसे नाही. मूळ लहान झरोका फोडून आठ वर्षांपूर्वी आपण तेथे मोठी सरकती तावदाने बसवली असतील, तर हक्क त्या मूळ झरोक्यातून येणाऱ्या उजेडापुरताच. म्हणून जुन्या घराचा मंजूर नकाशा शोधून काढा. त्यात ती खिडकी, तिचे माप आणि तारीख असते. नकाशा नसेल तर लग्नकार्यात त्या भिंतीपाशी काढलेली छायाचित्रे, त्या काळी घरात राहिलेल्या भाडेकरूची किंवा गवंड्याची साक्ष, यांचा उपयोग होतो.

उपभोग सुखाधिकार म्हणून हवा, मेहेरबानी म्हणून नव्हे. ‘आमच्या बाजूस खिडकी ठेवण्यास आपण परवानगी दिलीत याबद्दल आभारी आहोत’ असे पत्र आपल्या वडिलांनी सौजन्याने लिहून दिलेले असल्यास पलीकडचा वकील तेच पहिल्यांदा हजर करील. उलटपक्षी, बांधणाऱ्याने आज पुढे केलेल्या मसुद्यात असे एखादे वाक्य सहज पेरलेले नाही ना, हे सही करण्यापूर्वी शेजाऱ्याने पाहावे.

अडथळा झाल्यावर थांबू नये. तो कळूनही एक वर्षभर निमूटपणे सोसला तर उपभोग खंडित झाला असे धरले जाते. आणि वीस वर्षांचा तो काळ दाव्यापूर्वीच्या दोन वर्षांच्या आत संपणारा असावा लागतो. एवढे सिद्ध करूनही अखेरीस प्रश्न उरतो तो नुकसानाचा. उजेड थोडा कमी झाला एवढे पुरत नाही. कमतरता भरीव असावी लागते. वाऱ्याच्या बाबतीत शरीरसुखाला बाधा आली पाहिजे. दिवसा दिवा लावल्याशिवाय खोलीत वाचता येत नाही, हे दुपारी काढलेल्या छायाचित्रांनी आणि अभियंत्याच्या अहवालाने दाखवता आले, तर दाव्यात प्राण आहे असे समजावे.

आणि कृपा करून स्वतः भिंत पाडू नका. आपला हक्क कितीही निर्विवाद असला तरी अडथळा स्वहस्ते दूर करण्यास याच अधिनियमाचे कलम ३६ मनाई करते. तो हातोडा उचलणारा वादी दुसऱ्या दिवशी आरोपी होतो.

पाया खणताना

जुने घर भाराच्या भिंतींवर उभे असते, आणि त्याच्या लगत खोल खड्डा काढला की माती सरकते. शेजाऱ्याच्या जमिनीला आधार देणे हे बांधणाऱ्याचे कर्तव्य आहे. पहिला खड्डा पडण्यापूर्वी दोघांनी मिळून शेजारच्या घराच्या भिंती फिरून पाहाव्यात, असलेल्या तड्यांची छायाचित्रे घ्यावीत, आणि मोठ्या तड्यांवर तारीख लिहून काचेची पट्टी चिकटवून ठेवावी. तडा वाढला तर पट्टी फुटते, न वाढल्यास शाबूत राहते. दोन्ही पक्षी खोट्या आरोपाला जागा उरत नाही. या अर्ध्या दिवसाच्या कामाने वर्षानुवर्षांचे दावे वाचतात, आणि तरीही ते क्वचितच केले जाते.

रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात निवासी भागात आवाज करणारी बांधकामयंत्रे चालवण्यास ध्वनिप्रदूषण नियमांची मनाई आहे. ही तक्रार मात्र पोलिसांकडे जरूर करावी.

शेजारी जेव्हा सख्खा भाऊ असतो

वडिलांच्या नावच्या भूखंडावर मागे घर बांधणारा बहुधा एक भाऊ असतो आणि हरकत घेणारा दुसरा. वाटणी झालेली नसेल तर प्रत्येक सहहिस्सेदाराचा हक्क जागेच्या कणाकणावर असतो, ‘मागची बाजू माझी’ या घरगुती समजुतीला कागदाचा आधार नसतो, आणि बहिणींचा हिस्सा विसरून घेतलेली संमती अपुरी ठरते. महापालिकेने परवाना दिला म्हणून मालकी ठरत नाही. आधी नोंदणीकृत वाटणीपत्र, मग पाया. आणि त्या वाटणीपत्रातच जाण्या-येण्याची वाट, पाण्याची टाकी, मलवाहिनी व समोरासमोरच्या खिडक्या यांची व्यवस्था लिहून ठेवावी. पुढच्या पिढीतील चुलतभावांची मने जुळतील याची हमी कोणी द्यावी?

नोटीस किंवा दावा आल्यास

- नोटीस कोणत्या कलमाखाली व किती मुदतीची आहे ते प्रथम पाहा. उत्तर लेखी द्या. नियमात बसणारा भाग कायम ठेवण्यासाठी अर्जाची सोय आहे.
- १३ नोव्हेंबर २०२४ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने घातलेल्या दंडकाप्रमाणे, कारणे दाखवा नोटीस बजावून निदान पंधरा दिवस, किंवा स्थानिक कायद्यात अधिक मुदत असल्यास तेवढी, दिल्यावाचून पाडकाम करता येत नाही. रस्ता, पदपथ अशा सार्वजनिक जागेवरील बांधकामास हे संरक्षण नाही.
- महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाखालील हुकुमांना दिवाणी न्यायालयात आव्हान देण्यास कलम १४९ ची आडकाठी आहे. तेथे वेळ दवडू नका.
- शेजारी मनाई हुकूम आणील अशी भीती असल्यास दिवाणी न्यायालयात कॅव्हेट दाखल करा. ते नव्वद दिवस टिकते व तेवढ्या काळात आपल्याला ऐकून घेतल्याशिवाय हुकूम होत नाही.
- महापालिकेविरुद्ध दावा करावयाचा असल्यास एक महिन्याची पूर्वसूचना द्यावी लागते, हे शेजाऱ्याने विसरू नये.

तडजोड लेखी असावी

तोंडी समेट पहिल्या पावसापर्यंत टिकतो. गच्चीची पन्हळ शेजारच्या अंगणात वाहू लागली की तो संपतो. तडजोडीत पुढील बाबी मोजमापांसह असाव्यात: कोणती खिडकी किती उंचीवर आणि कोणत्या काचेची; पागोळ्यांचे व मोरीचे पाणी कोणीकडे; सामाईक भिंतीची मालकी व डागडुजी; कामाच्या वेळा; नुकसान झाल्यास भरपाई कोण ठरवणार. स्थावरावरील कायमचा हक्क देत-घेत असाल तर तो दस्त मुद्रांकित व नोंदणीकृत करा.

दावा दाखल होण्यापूर्वीही तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करून वाद लोकअदालतीपुढे ठेवता येतो. त्यास खर्च नाममात्र येतो, आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती व अल्प उत्पन्नाच्या व्यक्तींना तेथे वकीलही मोफत मिळतो. मात्र तेथे झालेल्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्याविरुद्ध अपील नसते. म्हणून सही करण्यापूर्वी ‘क’ प्रत समोर ठेवून तडजोडीतील प्रत्येक माप स्वतः ताडून पाहा.